खडूची खूण

जयंत मेहेंदळेची जीप पाच वर्षांत एकदाही फाटकाबाहेर गेलेली नव्हती, पण तो तिच्याविषयी बोलायला लागला की ऐकणाऱ्याला वाटावं, हा गृहस्थ आत्ताच लडाख उतरून आलाय आणि चहा पिऊन परत निघणार आहे.

जयंत विमा कंपनीत अधिकारी. बदली होऊन जयपूरला आला, बनी पार्कात घर घेतलं आणि दोन हजार एक साली सैन्याच्या लिलावातून निघालेली एक जुनी फोर-व्हील ड्राइव्ह, म्हणजे चारही चाकांनी ओढणारी, जीप पोर्चमध्ये आणून उभी केली. मग ती सुटी केली. सुटी म्हणजे अगदी सुटी. प्रत्येक नट-बोल्ट रॉकेलनं धुऊन, पुसून श्रीखंडाच्या डब्यात गेला, डब्यावर चिठ्ठी लागली आणि चिठ्ठ्यांची यादी वहीत उतरली. तीन जाडजूड मॅन्युअलं त्यानं दिल्लीहून मागवली होती आणि त्यातली पानं त्याला तोंडपाठ होती. आता फक्त गाडी जोडायची तेवढी राहिली होती.

त्याची बायको मधुमती मालवीय नगरच्या एका क्लासमध्ये गणित शिकवायची. जीपला ती 'ते लोखंड' म्हणे. सुरुवातीला एक-दोनदा ती हौसेनं पोर्चमध्ये आली होती, पान्हाही हातात घेतला होता. "हात लावू नकोस, क्रम बिघडेल," असं जयंत म्हणाला. ती परत आली नाही. नंतर उन्हाळ्यात तिनं बॉनेटवर पापड वाळत घातले, तेव्हा मात्र जयंत दोन दिवस घुश्शात होता.

आणि मग दिनकर तायडे आला.

आला तो एका नटापायी. सगळी गाडी सुटी झाली, तरी मागच्या चाकाचा एक शेवटचा नट महिनाभर जयंतला दाद देत नव्हता. जाम नट कसा सोडवावा यावर त्यानं अकरा पानं वाचली होती. एका रविवारी पान्हा सटकून त्याच्या बोटावर बसला आणि त्याच्या तोंडून अशी काही अस्सल मराठी शिवी निघाली की रस्त्यानं सायकलवरून चाललेला एक माणूस ब्रेक दाबून थांबला.

"आपल्याकडचे दिसता साहेब," तो फाटकातून म्हणाला. "मी दिनकर तायडे. रेल्वेच्या वर्कशॉपमधे आहो. मूर्तिजापूरचा. पाहू का जरा?"

त्यानं नट पाहिला, बोटानं चाचपला, स्टोव्ह मागवून आजूबाजूचं लोखंड तापवलं, हातोडीनं चार बाजूंनी चार टिचक्या मारल्या आणि पान्हा लावला. नट सुटला. तेवढ्यात मधुमती चहा घेऊन बाहेर आली होती. ती हसली आणि म्हणाली, "अगं बाई, सुटतो की!" जयंतच्या बोटापेक्षा ते वाक्य जास्त दुखलं.

तरी मैत्री झाली. परगावी मराठी बोलणारा माणूस भेटला की जीव जरा लागतोच. दिनकर गल्लीच्या टोकाला भाड्यानं राहायचा, तो आणि बायको गिरिजा. 'साहेब'चं 'भाऊ' व्हायला महिना पुरला. जयंत त्याला मॅन्युअलातल्या आकृत्या दाखवायचा, दिनकर त्या लहान मुलासारखा बघत बसायचा आणि एक दिवस म्हणाला, "भाऊ, मले पण एक घ्यावीशी वाटते."

त्यानं बस्सीहून एक जीप ओढून आणली. दगडाच्या खाणीवर राबून मेलेली, सीटवर कोंबड्या बसलेली, मागच्या चाकांचा गिअर फुटलेला. जयंतनं पाहिलं आणि मनातल्या मनात तिला उभं करायला सात-आठ वर्षं धरली. चार शब्द उपदेशाचेही सुनावले.

दिनकरनं ती वर्षभरात उभी केली. ड्यूटी सांभाळून, घराच्या पुढ्यातल्या पत्र्याखाली. यादी नाही, डबे नाहीत, सगळे बोल्ट एका घमेल्यात. पेट्रोलचं इंजिन काढून डिझेलचं घातलं. ते बसवायला जी लोखंडी पट्टी लागते ती कानशीनं घासून घासून स्वतः केली. स्प्रिंगच्या कमानी वाढवून गाडी चार बोटं उंच केली, मागची आडवी बाकं काढून भंगारातल्या बसच्या सीटा बसवल्या. आणि एका सकाळी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी ती धडधडली. कोपऱ्यावरचे पंडितजी, जे पाच वर्षं रोज जयंतच्या फाटकाशी थांबून 'बहुत बढ़िया' म्हणायचे, ते त्या दिवसापासून दिनकरकडे थांबायला लागले. वर जाता जाता जयंतला विचारायचे, "मेहेंदळे साब, तायडेजी की तो बोल पड़ी. आपकी कब?"

जयंतच्या पोटात दुखायला लागलं. खोटं कशाला बोला? त्याला रात्री जेवण जाईना. ज्याला इंग्रजी पान वाचायला पाच मिनिटं लागतात त्याची गाडी बोलते आणि आपली डब्यात पडून आहे, हे त्याला डोळ्यांत कुसळ जावं तसं खुपत होतं.

फक्त एक गोष्ट त्याच्या वाट्याला आली होती. दिनकर कुठलंही काम संपवलं की त्याला बोलावून न्यायचा.

"भाऊ, पाहून द्या."

"तुम्ही केलंय ना? मग मी काय पाहायचं?"

"मी केलं ते मीच पाह्यलं तर मले बरोबरच दिसणार. आमच्या शॉपमधे करणारा वेगळा अन् पाहणारा वेगळा. पाहणाऱ्यानं खडू मारला की गाडी सुटते. मग करणाऱ्यानं परत पाहाचं नाही. तो त्याचा अपमान असते."

खडू मधुमतीच्या क्लासमधला. ती पर्समधून तुकडे आणून द्यायची. ब्रेक झाले, जयंतनं मॅन्युअल काढून तपासले, खडूनं बरोबरची खूण केली. स्टिअरिंग झालं, खूण केली. दोनदा त्यानं चुकाही काढल्या आणि दिनकरनं तोंडातून शब्द न काढता काम उलगडून परत केलं. ती खूण करताना जयंतला जे समाधान व्हायचं ते त्यानं कुणाला सांगितलं नाही. त्या गाडीतला तेवढा एक भाग आपला आहे असं त्याला वाटायचं.

शेवटचं काम राहिलं होतं मागच्या फुटक्या गिअरचं. दिनकरनं भंगारबाजारातून तशाच दिसणाऱ्या जीपचं मागचं अख्खं हाउसिंग, म्हणजे गिअरचं दातांसकट लोखंडी कवच, आणून बसवलं होतं. आतल्या दातांचा हिशेब पुढच्याशी जुळतो का, एवढं बघायचं होतं. बुधवारी जयंतला सुट्टी होती आणि दिनकर ड्यूटीवर. "पाहून ठेवजा भाऊ," तो आदल्या दिवशी सांगून गेला होता.

बुधवारी सकाळी पोहे खाता खाता मधुमती म्हणाली, "रविवारी डबा नको करायला. दिनकरभाऊ गाडी बस्सीला नदीत नेणारेत. ढूंढ नदीचं पात्र कोरडंच आहे, नुसती वाळू. दांडी टाकून चारही चाकं पहिल्यांदा मी जोडायची, असं ठरलंय."

"तू?" जयंतचा चमचा थांबला. "तुला कुठे येतं?"

"येतं की. क्लासहून येताना थांबते ना मी तिकडे. गिरिजा आणि मी दोघी शिकलो. गल्लीतून मागच्या मैदानापर्यंत चालवते मी. हा मोठा गिअर, ही पुढच्या चाकांची दांडी, ही लहान दांडी. जयंत, काय मजा येते रे आपल्या गाडीत!"

आपल्या गाडीत. जयंतनं बशी सरकवली. पोर्चमधलं ते 'लोखंड', आणि दुसऱ्याच्या दारातली 'आपली गाडी'. त्याच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. पंडितजी गेले तर गेले, पण हीसुद्धा! आपण तिला पान्ह्याला हात लावू दिला नव्हता, हे त्याला त्या क्षणी अजिबात आठवलं नाही.

तसाच तो दिनकरकडे गेला. गिरिजा आत स्वयंपाकात होती. त्यानं जॅक लावून मागचं एक चाक उचललं, इंजिनाकडून येणाऱ्या शाफ्टवर खडूनं रेघ ओढली, चाकाचे बरोबर दोन फेरे केले (एकच चाक उचललेलं असलं की दोन फेरे धरायचे) आणि शाफ्टचे मोजले. पाच आणि वर थोडं. मग पुढचं चाक उचललं. चार आणि वर थोडं. त्यानं परत मोजलं. तिसऱ्यांदा मोजलं. मॅन्युअलाच्या हिशेबानं पुढे सत्तेचाळीसला अकरा दातांची जोडी होती, मागे त्रेचाळीसला आठ. हाउसिंग बाहेरून तसंच दिसत होतं, आतून दुसऱ्याच हिशेबाचं होतं.

याचा अर्थ जयंतला झोपेतसुद्धा सांगता आला असता. नुसती मागची दोन चाकं ओढत असतील तेव्हा काही कळणार नाही, गाडी गावभर मजेत फिरेल. पण दांडी टाकून चारही चाकं जोडली की पुढची चाकं पुढे पळायला बघणार आणि मागची त्यांना मागे धरणार. एका जुवाला दोन चालींचे बैल. मग गाडी गचके खाणार, उसळणार, आणि काहीतरी तुटणार. काय तुटेल ते नशीब.

त्याला आधी आनंद झाला. हे लाजिरवाणं आहे, पण झाला. सापडली एकदाची याची चूक! दिनकरला बोलावून सांगावं, पान दाखवावं, असंच त्याच्या मनात होतं. मग त्याला दिसलं की दिनकर काय करेल. 'बरं झालं भाऊ सांगितलं,' म्हणेल, आठ दिवसांत कुठून तरी दुसरी जोडी पैदा करेल आणि मधुमती म्हणेल, 'किती पटकन करतात ना!' त्यापेक्षा रविवारी, सगळ्यांच्या देखत, वाळूत, गाडी ठप्प झाली तर? हिच्या हातात बंद पडली तर? तुटून तुटून काय तुटेल, एखादा दात. थोडं हसं होईल. होऊ दे की. माझं पाच वर्षं होतंय.

त्यानं खडू उचलला आणि मागच्या हाउसिंगवर बरोबरची खूण केली. ती नेहमीपेक्षा मोठी झाली.

संध्याकाळी दिनकर फाटकाशी आला. "झालं का भाऊ?"

"झालं."

"जुळते?"

"खूण केलीय ना," जयंत म्हणाला. विम्याच्या कचेरीत वीस वर्षं काढलेल्या माणसाला 'हो' न म्हणता हो म्हणता येतं.

"मग काही प्रश्नच नाही," दिनकर म्हणाला आणि शीळ घालत गेला.

गुरुवार गेला, शुक्रवार गेला, शनिवार गेला. जयंत रोज ठरवायचा की आज सांगू. रोज संध्याकाळी दिनकरच्या पत्र्याखालून मधुमतीचं हसू ऐकू यायचं आणि तो मूग गिळून बसायचा.

रविवारी सकाळी चौघं निघाली. आग्रा रस्त्यानं गाडी अशी सुरेख चालली की जयंतच्या जिवाची आणखीच जळफळ झाली. गिरिजानं पोळ्या आणि ठेचा घेतला होता. बस्सी जवळ आल्यावर दिनकरनं कच्च्या रस्त्यानं गाडी पात्रात उतरवली. गिरिजा काठावर बाभळीखाली सतरंजी घालायला गेली. दिनकर उतरला आणि मधुमती चालवायला बसली. तिनं पदर खोचला होता आणि शाळेच्या सहलीला निघालेल्या मुलीसारखा तिचा चेहरा फुलला होता. लग्नाला चोवीस वर्षं झाली होती, पण असा तो जयंतनं कधी पाहिला होता ते त्याला आठवेना. तो शेजारच्या सीटवर बसला होता.

दिनकर चालत पुढे गेला आणि दहा पावलांवर, गाडीच्या बरोबर समोर, तोंड इकडे करून उभा राहिला. दोन्ही हात वर करून तो ओरडला, "वहिनी, क्लच दाबा, दांडी टाका अन् हळूच सोडा! घाबराचं नाही. भाऊनं पाह्यलेलं आहे!"

मधुमतीनं क्लच दाबला. तिचा हात दांडीवर गेला. जयंतनं गाडीसमोर उभ्या असलेल्या त्या माणसाकडे पाहिलं, आणि त्याला वाळूत गचका खाऊन पुढे उसळलेली गाडी लख्ख दिसली.  त्यानं तिचा हात दांडीवरच घट्ट धरला.

"नको. टाकू नकोस. इंजिन बंद कर."

"अरे, काय झालं?"

"बंद कर आधी!"

इंजिन बंद झालं. दिनकर धावत आला. जयंत समोरच्या काचेकडे बघत म्हणाला, "मागचं जुळत नाही. पुढे चार पूर्णांक सत्तावीस आहे, मागे पाच पूर्णांक अडतीस. चारही लावली असती तर तुटलं असतं."

मधुमतीनं आकडे ऐकले आणि तिच्यातली मास्तरीण जागी झाली. "एवढा फरक? मग बरोबरची खूण कुणी केली? तूच ना?"

 काठावरून गिरिजानं पोळ्या खायला हाक मारली.

"होते वहिनी नजरचूक," दिनकर म्हणाला. "माणूसच आहे. आमच्या शॉपमधे मोठमोठे चुकतात. भाऊले वेळेवर आठवलं, झालं."

सुटका समोर चालून आली होती. 'हो, नजरचूक' एवढंच म्हणायचं होतं. जयंतनं दिनकरकडे पाहिलं. तो खरंच तसं समजत होता. त्याच्या डोक्यात दुसरं काही आलंच नव्हतं.

"नजरचूक नव्हती," जयंत म्हणाला. "मी तीनदा मोजलं होतं."

दिनकरला समजायला जरा वेळ लागला. मग त्याच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं. "काऊन, भाऊ?"

"तुमची गाडी निघाली म्हणून. माझी तशीच पडलीय म्हणून."  "आणि ही तुमच्या गाडीत हसते म्हणून."

मधुमतीनं आपला हात त्याच्या हाताखालून काढून घेतला.  दिनकर गाडीच्या मागे गेला, वाळूत उताणा पडून खाली सरकला आणि अंगठ्यानं ती खूण पुसून बाहेर आला. मग कपडे झटकून म्हणाला, "चला, पोळ्या थंड होऊन राहिल्या."

परत येताना गाडी दिनकरनं चालवली. मधुमती मागे गिरिजाशेजारी बसली.

आठ दिवस घरात कामापुरतं बोलणं झालं. नवव्या दिवशी जयंतनं पोर्चमधला चाळीस नंबरचा डबा उघडला. त्याच्या जीपच्या मागच्या गिअरची जोडी, सत्तेचाळीस-अकरा, तेलाच्या फडक्यात गुंडाळून पाच वर्षं जपलेली. ती दिली की त्याची स्वतःची गाडी कधी जोडली जाण्याचा प्रश्नच उरत नव्हता, कारण अशी जोडी आता सहजासहजी मिळत नाही. त्यानं ती स्कूटरच्या पायापाशी ठेवली आणि दिनकरच्या दारात गेला.

"ही तुमच्या पुढच्याशी जुळेल," तो म्हणाला. "मी मोजलंय." म्हणाला आणि त्याचं त्यालाच कसंसं झालं.

दिनकरनं फडकं सोडलं, दातांवरून बोट फिरवलं. "माल चांगला ठेवला," एवढंच म्हणाला आणि जोडी आत नेली.

पुढच्या रविवारी निरोप आला. जयंत आणि मधुमती दोघंही गेली. जोडी बसली होती, चाक जॅकवर होतं, शाफ्टवर ताजी रेघ होती. सवयीनं जयंत खाली वाकून शाफ्टपाशी बसायला गेला.

"तुम्ही चाक फिरवा, साहेब," दिनकर म्हणाला. आवाजात राग नव्हता. मग त्यानं खिशातून खडू काढला आणि मधुमतीपुढे धरला. "वहिनी, तुम्ही पाहून द्या."

मधुमतीनं क्षणभर जयंतकडे पाहिलं आणि खडू घेतला. गोणपाट पसरून ती गाडीखाली आडवी झाली. जयंतनं चाकाला हात घातला आणि सावकाश फिरवायला सुरुवात केली. ती खालून मोठ्यानं मोजत होती. एक. दोन. तीन. चार. दोन फेरे पूर्ण झाले तेव्हा म्हणाली, "चार, आणि वर पावाच्या जरा पुढे." मग पुढचं चाक. तेही तेवढंच. तरी तिनं दोन्ही परत फिरवायला लावली.

"जुळते?" दिनकरनं विचारलं.

"जुळतं," ती म्हणाली. खडूचा हलका आवाज आला.

चाक फिरवताना जयंत मनातल्या मनात मोजत होता. त्याचाही आकडा तोच आला होता. पण त्याला कोणी विचारलं नाही.